सपाट बाजू उगवतीला

एकोणीसशे एकोणऐंशी साल. पाऊस नावालाच पडणाऱ्या त्या डोंगरगावात त्या वर्षी थंडी लांबली होती. मार्च संपत आला तरी सकाळी नळाला हात लावला की बोटं बधिर होत. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली हॅलोबाई चार महिन्यांनी शनिवारी संध्याकाळी घरी परतली आणि रविवारी उजाडल्या उजाडल्या, पिशवीतले कपडेही न काढता, नवऱ्याचा जुना स्वेटर अंगात चढवून मागच्या बागेत उतरली. हॅलोबाई हे नाव तिला गल्लीने ठेवलेलं. टेलिफोनच्या कचेरीत सव्वीस वर्षं कानाला यंत्र लावून ती लोकांच्या तारा एकमेकांना जोडत बसली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दारातून कोणी हाक मारली की तिच्या तोंडून आधी ‘बोला’ निघे आणि मग कडी निघे. नवरा सरकारी मोजणीदार. लोकांच्या जमिनीत मोजणीच्या साखळ्या टाकून त्यानेही जन्म काढला होता. दोघांच्या कामात मिळून असं काही नव्हतं जे घरी आणता येईल. घरी होती ती ही बाग, आणि ती तिची होती.

तिची म्हणजे अगदी बोलून चालून तिची. घर बांधलं तेव्हा मागे नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे होते. मोजणीदाराने परसदारच्या पायरीवर उभं राहून हात लांब केला होता आणि म्हणाला होता, “पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत तुझं. सगळ्या तालुक्यात साखळी टाकीन, पण इथे टाकणार नाही.” ती हसली होती. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि नवऱ्याचं बोलणं गंमत म्हणून ऐकायचं आणि खरं म्हणून ठेवून द्यायचं, असं तिला जमत असे. मग एकतीस वर्षं तिने त्या मुरुमात माती घातली. पाळीवरून येताना सायकलच्या टोपलीत माती, सुट्टीच्या दिवशी कुजलेला पाला, कुणाच्या तबेल्यातलं खत. कचेरीत तिच्या नखांवरून मैत्रिणी चेष्टा करत, की हिच्या लायनीवर बोलणाऱ्याच्या कानात गांडूळ जाईल.

वसंताची साफसफाई ती नेहमी नळाच्या कोपऱ्यापासून सुरू करी. ह्याला कारण काही नव्हतं. पहिल्या वर्षी तिथून केली म्हणून दर वर्षी तिथून. दाताळ्याने पाला ओढायचा, तोही हलक्या हाताने, कारण खाली लिलीची फिकट टोकं वर येत असतात आणि घाईचा एक दात लागला की वर्षाचं फूल गेलं. मग शेवंतीची वाळकी खोडं जमिनीलगत कापायची, गुलाबाची मेलेली फांदी हिरवं दिसेपर्यंत मागे मागे छाटत जायचं, आणि सगळ्यात शेवटी, माती मुठीत धरली की गोळा होऊन पुन्हा सुटायला लागली, की डेलियाचे कंद. ते थंडीआधी उपटून, धुऊन, वाळूच्या खोक्यांत निजवून जिन्याखाली ठेवलेले असत. चार महिने पाल्याखाली दबलेला वास आज एकदम वर आला. ओला, आंबूस, लोखंडासारखा. तिला वाटलं, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आपण एवढे दिवस श्वास घेतलाच नाही, नुसता आत-बाहेर केला.

दाताळ्याचा दात कशाला तरी अडला. तिने पाला बाजूला केला तर वीतभर खुंटी. अंगठ्याहून जाड, मातीने माखलेली, पक्की रोवलेली. गेल्या वर्षीचा डेलियाचा आधार राहिलेला दिसतोय, ती मनाशी म्हणाली, आणि स्वतःलाच रागावली, की दुसऱ्याची खुरपी उघड्यावर राहिली की बोलतेस आणि आता स्वतःचं काय? वय झालं बाई तुझं. नळाशेजारचा वेली गुलाब थंडीत एका अंगाला कलंडला होता. खुंटी आयती सापडलीच आहे तर, म्हणून तिने स्वेटरच्या खिशातली चिंधी काढून त्याची खालची फांदी तिला बांधली. गाठ सैल ठेवली. फांदीला जाडजूड व्हायला जागा लागते. पुढे कितीतरी वर्षं तिला ह्या सगळ्यात ती गाठच आठवायची. आपण किती मायेने बांधली, आणि कशाला.

दुसरी खुंटी बाकाच्या पायाशी होती. तिसरी डेलियाच्या वाफ्याच्या ऐन मध्यावर. तिथे मात्र ती थांबली. तो वाफा ती दर वर्षी थंडीआधी हातभर खोल खणून उलटापालटा करत असे. त्यात आधार राहून जाणं शक्यच नव्हतं. ती उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले. नखाने तिने खुंटीवरची माती खरवडली. वर डोक्यात एक खिळा, वाकवलेला. आणि एक बाजू रंध्याने काढावी तशी सपाट. सपाट बाजूवर सकाळचं ऊन सरळ पडलं होतं.

लग्न झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने हे पाहिलं होतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि मोजणीदार उंबऱ्यात बसून सुरीने खुंट्या तासतोय, पायाशी पांढऱ्या कपच्यांचा ढीग. तिने विचारलं, एकच बाजू का तासायची? तर त्याने इकडे तिकडे बघून, जसं काही सरकारचं गुपित सांगतोय असा आवाज खाली आणला. “सपाट बाजू उगवतीला ठेवून ठोकायची. रात्रीतून कोणी खुंटी उपटतं, हातभर सरकवून पुन्हा ठोकतं. भाऊ भाऊ असतात, पण करतात. ठोकताना बाजू त्यांच्या लक्षात राहत नाही. मी गेलो की लांबूनच कळतं, हलवली.” मग म्हणाला होता, “हे साहेबालासुद्धा ठाऊक नाही. तुला सांगितलं.” तिला तेव्हा दागिना मिळाल्यासारखं झालं होतं. तिने ते कुणालाही, अगदी पोटच्या मुलांनाही सांगितलं नव्हतं. जगात दोन माणसांना माहीत असलेली खूण तिच्या डेलियाच्या वाफ्यात ऊन खात उभी होती.

माणसाचं मन मोठं कामसू असतं. त्याने तेवढ्यातही तिच्यासाठी एक काचघर उभं केलं. कधीपासून ती म्हणत होती, एक छोटंसं काचघर असतं तर कंद जिन्याखाली कोंडायला नकोत, रोपं महिनाभर आधी करता येतील. नवऱ्याने मनावर घेतलं असेल. आपण यायच्या आत मोजून ठेवलं असेल, चकित करायला. काल रात्री जेवताना तो गप्प होता, वाटीतलं वरवर ढवळत होता, ते गुपित पोटात मावत नाही म्हणूनच असेल. बाकावर बसून तिने त्या काचघरात फळ्या बसवल्या, दाराला कडी लावली, उन्हाळ्यात काचांना फासायला चुना कालवला. मग ती उठली. खिशात दोरीचं भेंडोळं होतंच. वाफे सरळ रेषेत यावेत म्हणून ती दोरी ताणल्याशिवाय काही लावत नसे. दोरी एका टोकाला ती धरी आणि दुसऱ्या टोकाला नवरा. आज तिने टोक त्याच्या खुंटीला बांधलं. पहिलीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. पाय आपोआप मोजत होते. तीस पावलं एकीकडे, वीस दुसरीकडे. चौथी कुठे असेल ते तिला न शोधता कळलं. मोजणीदाराची बायको होती ती. पायरीपासून दोन हातांवर, पुदिन्याच्या पातेल्याआड, ती होती.

दोरी ताणून झाली. आत सगळं आलं. वेली गुलाब, बाक, शेवंती, लिली, डेलिया. बाहेर नळ राहिला आणि पायरीलगतची बोळवजा पट्टी. काचघर एवढं मोठं नसतं. त्यात कोणी राहायलाच येणार असेल तर गोष्ट वेगळी.

“आलीस का गं?” कुंपणापलीकडून मास्तरीणबाईंचा आवाज आला. शेजारच्या मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून चौथीच्या वर्गावर होता. “नात कुणासारखी? तुझ्यासारखी असली तर हजेरीला ‘हॅलो’ म्हणायची!”

“बापासारखी आहे. रडतेसुद्धा कानात बोटं घालून.”

“बरं झालं बाई, आता थोरलाही जवळ येतोय. सून-नातवंडं भिंतीला भिंत. नशीबवान आहेस. फक्त मला एवढं सांग, पाया खणायला जुलैत लागणार ना? नाही, माझे कपडे त्या बाजूला वाळत असतात. धुळीने नुसते पिठाच्या गिरणीतले होतील.”

हॅलोबाईने दोरीचं भेंडोळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “कोण म्हणालं जुलै?”

“कोण म्हणजे? तुझा नवरा, थोरला आणि तो नकाशे काढणारा चष्मेवाला इथेच तर उभे होते जानेवारीत. काय ती थंडी! जमीन दगड झाली होती. मोजणीदारांच्या हाताला फोड आले ठोकून ठोकून. मीच चहा करून दिला तिघांना.” मग मास्तरीणबाई थांबल्या. चाळीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेली बाई. “अगं, तुला माहीत नाही?”

“माहीत आहे की,” ती म्हणाली. “तारीख पक्की नव्हती, म्हणून विचारलं.”

सव्वीस वर्षं तिने आवाज ऐकले होते. खोटं बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटी जरासा वर चढतो, हे तिने नव्या मुलींना शिकवलं होतं. ती स्वतः आता तशी चढली होती, आणि पलीकडच्या बाईला ते ऐकू गेलं होतं, हेही तिला कळलं. मास्तरीणबाई दुधाचं निमित्त काढून आत गेल्या. आणि मग तिला लेकीच्या घरचा बोळ आठवला. तिथे टेलिफोन होता, चपलांच्या फळीवर. फेब्रुवारीतली दुपार. ती बाळाचे लंगोट घडी करत होती आणि लेक पाठ करून बोलत होती. “नाही, अजून नाही. हो बाबा, ठेवते अजून पंधरा दिवस.” तिला वाटलं होतं बाळाच्या औषधाचं चाललंय, फडताळात ठेवायची बाटली. त्याच संध्याकाळी लेक गळ्यात पडली होती. आई, बाळाला सर्दी झालीय, थांब ना. तिला कोण सुख झालं होतं! पोरीला आपली गरज आहे. तिने बाळाच्या छातीला तेल चोळलं होतं पंधरा दिवस, आणि बाळ मधूनमधून एखादी शिंक देत होतं. सर्दी होती की नव्हती, हे आता ठरवता येईना. जगातल्या सगळ्यांच्या तारा तिने जोडल्या आणि स्वतःच्या घरातली लाईन तिच्या कानाजवळून गेली.

परसदार वाजलं. मोजणीदार बाहेर आला. दोन्ही हातांत वाळूचं खोकं, हनुवटीने वरचं झाकण दाबलेलं. त्याने अजून दोरी पाहिली नव्हती. त्याचा चेहरा उजळला होता, पोरांना बक्षीस मिळाल्यावर होतो तसा. “बघ! तू म्हणत होतीस ना, ह्यांच्या हातात देऊन जाते खरी, पण एक कंद जगला तर शपथ? एकोणीसच्या एकोणीस. दर रविवारी वाळूवर पाणी शिंपडलं. चमच्याने, तू सांगितलंस तसं. एकही सडला नाही, एकही सुकला नाही. डोळे फुटायला लागलेत, हे बघ गुलाबी गुलाबी.” त्याने खोकं पायरीवर ठेवलं, झाकण काढलं आणि एक कंद तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरला. तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी फोड बरा झाल्याचा चकचकीत डाग होता.

तिने कंद पाहिला. खरंच छान राखला होता. त्या डागाकडेही तिने पाहिलं. जानेवारीत खुंट्या ठोकल्या आणि त्यानंतरही दर रविवारी, चमच्याने. हे एका माणसाला कसं जमतं, हा विचार तिच्या डोक्यात घुसला आणि मग मरेपर्यंत निघाला नाही.

“कुठे लावू?” तिने विचारलं.

तेव्हा त्याला दोरी दिसली. त्याची नजर दोरीवरून चारी कोपऱ्यांत फिरली, सवयीने, कुठे झोळ नाही ना ते बघत. मग त्याने कंद परत वाळूत ठेवला आणि वरून वाळू सारखी केली.

“मी आज सांगणारच होतो.”

“जानेवारीत काय झालं होतं सांगायला?”

“थोरल्याची बदली इकडे होतेय. भाड्याच्या घरात पोरं घेऊन कुठे फिरेल? आणि आपलं वय. रात्री-अपरात्री मला काही झालं, तर तू एकटी कुणाला उठवणार? तुझ्याच भल्याचं—”

“माझ्या भल्याचं मास्तरीणबाईंना सांगितलंत. चष्मेवाल्याला सांगितलंत. लेकीला तर टेलिफोनवरून सांगितलंत. मलाच तेवढं सांगवेना?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारतात, अहो.”

तो पायरीवर बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “लोकांच्या वाटण्या करताना मी कधी खोटी रेघ मारली नाही. तुला ठाऊक आहे.”

“ही पण खोटी नाही. अगदी बरोबर आहे. सपाट बाजू उगवतीला.” तिचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. त्याने मात्र मान खाली घातली. ती खूण तिला कळेल, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, हे तिला त्या मान घालण्यातून दिसलं. खुंटी तासताना सवयीने हात चालला, आणि ही गोष्ट आपण कधी कुणाला सांगितली होती ते तो विसरून गेला होता. तिने लग्नापासून जपलं ते त्याच्या लेखी कधीच हवेत गेलं होतं. बागेपेक्षा हे तिला जास्त लागलं. बाग निदान समोर होती.

मग ती वळली आणि तिने डेलिया लावायला घेतले. कुठे म्हणजे तिथेच, दोरीच्या आत, दर वर्षीच्या जागी. हातभर खड्डा, तळाशी ओंजळभर खत, कंद आडवा, डोळा वर. मोजणीदार पायरीवरून उठून जवळ आला. “अगं, जुलैमध्ये तिथे पाया खणायचाय. कळ्या धरायच्या दिवसांत.”

“मग खणा.”

“निदान दोरी तरी धरू का?”

“नको,” ती म्हणाली. “तुमची खुंटी धरतेय.”

त्या उन्हाळ्यात ती थोरल्याशी भांडली नाही, लेकीला दोन शब्द बोलली नाही. सगळ्यांना वाटलं, निवळलं. थोरला येऊन पाया पडला, आई, तुझ्या परवानगीशिवाय एक वीट ठेवणार नाही, असं म्हणाला, तेव्हा विटा गल्लीत उतरून झाल्या होत्या. ती म्हणाली, ठेव बाबा. फक्त एक गोष्ट तिने बंद केली, आणि ती बंद झाल्याचं मोजणीदाराशिवाय कुणाला कळण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी बागेतून आत आली की ती त्याला काय उमललं ते सांगत असे. एकतीस वर्षं, पेपर उघडायच्या आधी. ‘पांढरी लिली आली.’ ‘बाकाजवळच्या गुलाबाला तीन कळ्या.’ तो हं म्हणे आणि पेपर उघडे. आता ती आत येई आणि हात धुई. पेपर तसाच घडीत राही. काही दिवसांनी तो स्वतःच बागेत जाऊ लागला आणि आत येऊन सांगू लागला. “तो पिवळा आलाय गं. काय त्याचं नाव?” ती नाव सांगत नसे. हं म्हणे.

जुलैत डेलिया कमरेएवढे झाले आणि बोराएवढ्या कळ्यांनी लगडले. मजूर सोमवारी यायचे होते. थोरला म्हणाला, आई, आता तरी काढून घे. ती म्हणाली, मी लावले, काढायचे ज्याला असतील त्याने काढावे. रविवारी दुपारी, भर उन्हात, मोजणीदार टोपी घालून कुदळ घेऊन उतरला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तो खोडाच्या अगदी जवळ खणत होता. हातभर लांबून गोल खणत यायचं असतं, नाहीतर कंद मानेशी तुटतो. हे ओरडून सांगायला अर्धं वाक्य पुरलं असतं. प्रत्येक तुटलेल्या कंदाचा कच्च्या बटाट्यासारखा आवाज तिला काचेआड ऐकू येत होता. तिने एकोणीसही मोजले. त्याने ते रॉकेलच्या डब्यांत लावून पुढच्या भिंतीशी ओळीने ठेवले. ओळ सरळ होती. आठवड्यात पंधरा माना टाकून गेले.

घर झालं. थोरला त्यात सहा वर्षं राहिला, मग मोठ्या पगारावर दूरच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. त्या खोल्या एका दातांच्या डॉक्टरला भाड्याने दिल्या. डेलियाच्या वाफ्याच्या जागी त्याची खुर्ची आली. लेक दर वर्षी माहेरी यायची आणि दर वर्षी एकदा तरी विचारायची, आई, तू माझ्याकडे दोन दिवसांवर का राहत नाहीस? बाळाला सर्दी झालीय म्हणायची सोय आता नव्हती. बाळ कॉलेजात होतं. मास्तरीणबाई कपडे दुसऱ्या बाजूला वाळवू लागल्या आणि त्या सकाळबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा हॅलोबाईला खरंच एकटं वाटलं. मोजणीदार त्याआधीच, शहाऐंशी साली, दुपारी झोपेत गेला. रात्री-अपरात्री कुणाला उठवावं लागलं नाही. हॅलोबाई त्याच्यानंतर सतरा वर्षं जगली, जगलेल्या चार डेलियांचे कंद वाटून वाटून तिने पुढची सगळी भिंत भरली, आणि गल्लीत ज्याला हवे त्याला दिले.

तीन खुंट्या पायाखाली गेल्या. चौथी, पायरीजवळची, भिंतीच्या बाहेर राहिली. घर झाल्याच्या पाचव्या वर्षी ती बुडाशी कुजून हलायला लागली. एका सकाळी मोजणीदार बाहेर आला तर ही उंबऱ्यात बसलेली, पायाशी पांढऱ्या कपच्या, आणि हातातल्या सुरीने नवी खुंटी तासतेय. तिने जुनी उपटली, त्याच भोकात नवी धरली, वर सूर्य कुठे आहे ते बघून हातात जराशी फिरवली आणि दगडाने ठोकली.

“अगं, आता कशाला ती?” तो म्हणाला. “मोजणी केव्हाच संपली.”

“तुमची संपली,” ती म्हणाली, आणि आणखी एक घाव घातला.